जमीन गोठलेलीच ठेवायची आहे: फेअरबँक्सजवळ घर बांधताना

अलास्काच्या मध्यभागी, 65 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली असलेल्या फेअरबँक्सच्या परिसरात एकाच जमिनीकडून दोन प्रकारच्या लोकांनी अगदी उलट अपेक्षा ठेवल्या आहेत. सोने काढणाऱ्यांना ती वितळायला हवी होती. घर, रस्ता किंवा तेलवाहिनी बांधणाऱ्यांना ती गोठलेलीच राहायला हवी असते. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. पुणे आणि मराठवाडा येथे काळ्या मातीत इमारतींच्या पायाभरणीची कामे करून मी पत्नीच्या विद्यापीठातील नोकरीनिमित्त येथे आलो, काही वर्षे भाड्याच्या घरात काढली आणि मग आम्ही शहराच्या वायव्येकडील गोल्डस्ट्रीम खोऱ्यात जागा घेऊन स्वतःचे घर बांधले. या कामात मला सर्वांत जास्त शिकवले ते पाठ्यपुस्तकांनी नव्हे, तर शंभर वर्षांपूर्वी हीच जमीन वितळवून गेलेल्या खाणवाल्यांनी मागे ठेवलेल्या खुणांनी.

आधी जमिनीविषयी. येथे उन्हाळ्यात पारा 30 अंशांपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात उणे 40 पर्यंत उतरतो, पण वर्षाची सरासरी शून्याच्या दोन-तीन अंशच खाली आहे. म्हणजे सलग दोन किंवा अधिक वर्षे शून्याखाली राहणारी जमीन, जिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, ती येथे आहेही आणि नाहीही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन भरपूर पडते, तेथे बर्च आणि अ‍ॅस्पेन वाढतात आणि जमीन बहुधा मोकळी असते. उत्तरेकडचे उतार आणि खोऱ्यांचे तळ मात्र गोठलेले असतात. तेथे मनगटाएवढ्या बुंध्याची, शंभर वर्षांची असूनही खुरटलेली काळी स्प्रूस झाडे कशीबशी उभी असतात आणि पायाखाली गुडघाभर शेवाळ असते. जागांचे भावही याच हिशेबाने ठरतात. दक्षिण उतारावरची जागा आमच्या आवाक्याबाहेर होती, आणि खोऱ्यातली जागा स्वस्त का आहे हे आम्हाला पूर्ण ठाऊक होते.

अशी जागा घेण्याआधी ऑगस्टच्या अखेरीस तेथे एकदा सळई घेऊन फिरावे, हा पहिला सल्ला आम्हाला मिळाला आणि तो सर्वांत उपयोगी ठरला. मूठ असलेली पातळ पोलादी सळई शेवाळातून खाली दाबत जायचे. मऊ मातीतून ती सहज उतरते आणि गोठलेल्या थराला लागली की खणकन थांबते. उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर तेवढाच जाड. आमच्या जागेत झाडांखाली ती अर्ध्या मीटरच्या आसपास थांबत होती, पण पूर्वीच्या मालकाने ट्रॅक्टर फिरवून मोकळ्या केलेल्या एका पट्ट्यात अख्खी सळई आत गेली तरी काही लागेना. त्या पट्ट्यावर घर बांधायचे नाही, एवढे तेथेच ठरले.

सळई वरचा थर सांगते, खालचे सांगत नाही. त्यासाठी मार्चमध्ये, जमीन वरपासून खालपर्यंत कडक असताना, साखळी-पट्ट्यांवर चालणारे ड्रिलिंगचे यंत्र आणवले. हे काम हिवाळ्यातच करायचे असते, कारण उन्हाळ्यात तेच यंत्र शेवाळ चिरडत जाते आणि त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते. नळीतून बाहेर आलेला पहिला गाभा हातात घेतला तेव्हा तो करड्या दगडासारखा टणक होता. तो खोलीत आणून ताटात ठेवला आणि काही तासांत त्याचे पातळ चिखलाचे डबके झाले, वर सडक्या पाल्याचा दर्प. ही माती म्हणजे हिमयुगात तानाना नदीच्या पात्रावरून वाऱ्याने उडून आलेला बारीक गाळ. तो डोंगरांवर बसला, तेथून घसरत खोऱ्यात साचला आणि साचता साचता बर्फासकट गोठला. भट्टीत वाळवून पाहिले तर काही नमुन्यांत पाण्याचे वजन कोरड्या मातीच्या वजनाहून जास्त निघाले. एका छिद्रात तर यंत्राला दीड मीटर निव्वळ बर्फ लागला. ती बर्फाची पाचर होती. जमिनीला थंडीने तडे जातात, वसंतात त्यांत पाणी शिरून गोठते, आणि हेच हजारो वर्षे होत राहिले की वरून रुंद, खाली निमुळती होत जाणारी अशी पाचर तयार होते. वरून पाहणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

मराठवाड्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, भिंतींना तडे जातात, म्हणून आपण हालचालीच्या थराखाली जाऊन अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, टाकतो आणि निर्धास्त होतो. तेथे खोल जाणे हे उत्तर असते, कारण माती जाते कोठेच नाही. येथे तोच विचार करून चालत नाही. बर्फाने भरलेला गाळ वितळला की पाणी निघून जाते आणि जमिनीचे आकारमानच कमी होते. जेथे पाचर असेल तेथे सरळ खड्डा पडतो. त्यातून आमच्या जागेत नऊ मीटर खोलीवर तापमान निघाले उणे 0.6 अंश. शून्यापासून इतके जवळ. घरातली थोडीशी ऊबही खाली झिरपत राहिली तर हे अंतर पार व्हायला फार काळ लागणार नाही.

हीच अर्ध्या-एक अंशाची गोष्ट खाणवाल्यांना केवढी महाग पडली होती! फेलिक्स पेड्रो या इटालियन स्थलांतरिताला 1902 मध्ये येथे सोने सापडले. सोने होते ते गाळाच्या खाली, खडकाला चिकटून असलेल्या गोट्या-वाळूच्या थरात, आणि त्याच्यावर कित्येक मीटर गोठलेला गाळ. सुरुवातीच्या लोकांनी कॅनडातल्या क्लोंडाइक या सोन्याच्या प्रदेशातून आणलेली रीत वापरली: लाकडे पेटवून जमीन वितळवायची, तेवढी खणायची, पुन्हा पेटवायची. पुढे बॉयलरची वाफ पोलादी नळ्यांतून जमिनीत सोडू लागले. खणलेली खडी हिवाळाभर ढिगात साठवायची आणि वसंतात पाणी वाहू लागले की धुवायची. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचे तेवढेच पाणी 80 अंशांपर्यंत तापते. आसपासच्या टेकड्यांवरचे जंगल त्या काळात सरपणासाठी किती तुटले असेल, याचा अंदाज या एका आकड्यावरून येतो.

1920 च्या दशकात फेअरबँक्स एक्स्प्लोरेशन कंपनी आली आणि तिने वाफेऐवजी थंड पाणी वापरले. ऐकायला विचित्र वाटते, पण नदीचे पाणी शून्याच्या वरच असते आणि ते खडीतून सतत खेळवत ठेवले तर सरपणाशिवाय काम होते. चाटानिका नदीचे पाणी आणण्यासाठी सुमारे 145 किलोमीटर लांबीचा डेव्हिडसन कालवा बांधला गेला. आधी पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी वरचा गाळ धुऊन काढायचा, मग उघड्या पडलेल्या खडीत काही मीटर अंतराअंतरावर नळ्या ठोकून त्यांतून पाणी सोडायचे आणि एक-दोन हंगाम वाट पाहायची. जमीन पूर्ण वितळली की तरंगते ड्रेज आत घालायचे. ते स्वतःच्या तळ्यात तरंगत, समोरची खडी बादल्यांनी उचलून पोटात धूत आणि मागच्या बाजूला गोट्यांच्या लांबच लांब राशी टाकत पुढे सरके. 1928 ते 1959 या काळात चाललेले आठ क्रमांकाचे ड्रेज आज फेअरबँक्सच्या उत्तरेकडील फॉक्स या वस्तीजवळ पर्यटकांसाठी जपून ठेवले आहे. पर्यटक तेथे सोने धुऊन पाहतात. मला मात्र मागच्या राशी जास्त महत्त्वाच्या वाटल्या. त्यांचे कारण पुढे येईल.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ आजही उन्हाळ्यात सोन्याची लहानशी खाण चालवतात. त्यांच्याकडे नळ्याही नाहीत आणि वाफही नाही. बुलडोझरने शेवाळ काढायचे आणि काळा गाळ उन्हात उघडा टाकायचा; वरची काही इंच जमीन वितळली की ती खरवडून बाजूला सारायची आणि खालची उघडी करायची. बाकी सगळे सूर्य करतो, आणि जूनमध्ये तो येथे जवळजवळ मावळतच नाही. मी त्यांना आमच्या जागेचा नकाशा दाखवला तेव्हा ते म्हणाले, “मी जे जे करतो, त्यातले काहीही तुम्ही करू नका.” आमच्या आराखड्याचा इतका नेमका सारांश कोणत्याही सल्लागाराने दिला नाही.

फॉक्सजवळच अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेने 1960 च्या दशकात खोदलेला बोगदा आहे. विद्यापीठाच्या गटाबरोबर मला तो पाहता आला. आमच्या नळीतून हातभर तुकड्यांत निघालेली जमीन येथे दोन्ही बाजूंना भिंतीसारखी उभी होती: काळपट गाळात चकाकणाऱ्या पाचरी, छतातून लोंबणारी प्राचीन मुळे, मधूनच बाहेर डोकावणारी हिमयुगातल्या प्राण्यांची हाडे, आणि तोच सडका दर्प, फक्त शंभरपट. हजारो वर्षे गोठून राहिलेला पाला अजून कुजायचा शिल्लक होता. बोगदा टिकावा म्हणून हिवाळ्यातली थंड हवा आत घेऊन आणि उन्हाळ्यात यंत्राने गार ठेवून तो सांभाळतात. जमिनीच्या पोटातल्या जागेलाही शीतगृह करावे लागते, तर जमिनीवरच्या तापवलेल्या घराचे काय, हा प्रश्न मी तेथून घेऊन आलो.

जागा साफ करण्याच्या वेळी एका ठेकेदाराशी माझा पहिला मतभेद झाला. त्याचे म्हणणे, झाडे आणि शेवाळ पूर्ण काढून पक्क्या जमिनीवर भराव घालू. मला आठवत होता तो फार्मर्स लूप रस्त्यालगतचा जुना प्रयोग. 1946 मध्ये तेथे तीन शेजारशेजारचे तुकडे निवडले गेले. एकाला हात लावला नाही; दुसऱ्यावरची झाडे कापली पण शेवाळ ठेवले; तिसरा पूर्ण खरवडला. 26 वर्षांनी केनेथ लिनेल यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा पहिल्या तुकड्यात पर्माफ्रॉस्ट जागच्या जागी होता, दुसऱ्यात तो 4.7 मीटरपर्यंत खाली गेला होता आणि तिसऱ्यात 6.7 मीटरपर्यंत. यात कोणी शेकोटी पेटवली नव्हती की घर बांधले नव्हते. केवळ सावली आणि पांघरूण काढल्याचा हा परिणाम. ठेकेदाराने हे ऐकून घेतले आणि त्याच्या पद्धतीने बांधलेली कितीतरी घरे उभी आहेत, असे उत्तर दिले. उभी आहेत हे खरे. त्यांतल्या काहींच्या स्वयंपाकघरात गोटी ठेवली तर ती दिवाणखान्यात पोचते, हेही खरे. आम्ही दुसरा माणूस पाहिला. त्याने घराच्या जागेपुरती झाडे एप्रिलच्या आत, बर्फावरून, हाताने कापली, खोड जमिनीलगत ठेवले आणि शेवाळाला धक्का लावला नाही. दक्षिणेची झाडे सावलीसाठी तशीच राखली, जरी त्यामुळे हिवाळ्यातला दुर्मिळ उजेड अडतो.

पायाच्या बाबतीत तीन मार्ग समोर होते. पहिला म्हणजे पोलादी पाइल खोल गाडणे, जे भोवतालच्या गोठलेल्या मातीला चिकटून भार पेलतात. उणे पाच-सहा अंशांच्या जमिनीत हे उत्तम चालते, उणे 0.6 अंशाला मात्र ही पकड दुबळी असते, पाइल हळूहळू सरकत राहतो, आणि वरचा थर दर हिवाळ्यात गोठताना त्याला उपटून वर खेचू पाहतो. दुसरा मार्ग थर्मोसायफनचा, म्हणजे जमिनीतली उष्णता बाहेर काढणाऱ्या बंद नळ्यांचा. याचा सर्वांत मोठा नमुना फॉक्सच्या वाटेवरच आहे. 1977 मध्ये पूर्ण झालेली 1,288 किलोमीटरची तेलवाहिनी तेथे रस्त्यालगत खांबांवरून जाते. तेल गरम असल्यामुळे अर्ध्याहून अधिक लांबीत ती जमिनीवर उचलावी लागली. सुमारे 78,000 आधारखांब आणि त्यांतल्या बहुतेकांत मिळून 1,24,000 उष्णतानलिका बसवल्या आहेत. बंद नळीत अमोनिया असतो. हिवाळ्यात जमिनीच्या उबेने तो तळाशी वाफ होऊन वर येतो, वरच्या धातूच्या पात्यांत थंडीने पुन्हा द्रव होतो आणि उष्णता हवेत सोडून खाली ओघळतो. उन्हाळ्यात वरचे टोक जास्त गरम असल्याने हे चक्र आपोआप थांबते. पंप नाही, वीज नाही. अभियंता म्हणून मला याहून देखणे यंत्र दुसरे माहीत नाही. पण एका घरासाठी त्याचा खर्च जागेच्या किमतीहून जास्त होत होता.

तिसरा मार्ग सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त कष्टाचा: शेवाळावर जाड खडीचा भराव, त्यात फोमचे इन्सुलेशन, त्यावर भार पसरवणाऱ्या बैठका, बैठकांवर स्क्रू-जॅक (फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे जॅक) असलेले खांब आणि त्यांवर जमिनीपासून मीटरभर उंच घर. जमीन हलणार हे गृहीत धरायचे आणि हलेल तसे घर समतल करत राहायचे. आम्ही हाच घेतला.

भरावासाठी खडी हवी, आणि तीही अशी की जिच्यात बारीक गाळ अजिबात नाही. गाळाचे कण पाणी वर शोषून घेतात, तेथे बर्फाचे थर तयार होतात आणि जमीन फुगते. धुतलेल्या गोट्यांत हे होत नाही. येथे अशी खडी मिळते ती जुन्या ड्रेजच्या राशींतून. कंपनीने सोन्यासाठी जे वितळवले, धुतले आणि मागे टाकून दिले, तेच आज या भागातले सर्वांत भरवशाचे बांधकाम-साहित्य आहे. इतकेच नव्हे, तर त्या राशींच्या जागांवर खालपर्यंत बर्फच उरलेला नाही, त्यामुळे तेथे बांधणाऱ्याला आमच्यासारखी कसरत करावी लागत नाही. दिसायला त्या जागा ओसाड आहेत, झाडे धड उगवत नाहीत, म्हणून लोक नाके मुरडतात. पुन्हा जागा घ्यायची झाली तर मी गोट्यांच्या राशीवर घेईन आणि माती ट्रकने आणून बाग करीन.

बँकेचे प्रकरण थोडक्यात सांगतो. शहराच्या हद्दीबाहेर बांधकामाची सरकारी तपासणी फारशी नसते, त्यामुळे तपासणीचे काम प्रत्यक्षात कर्ज देणारा करतो. पर्माफ्रॉस्ट हा शब्द अहवालात दिसला की काही जण फाइल तेथेच मिटतात. एका बँकेने हलवता येणाऱ्या पायाला “कायमस्वरूपी पाया” मानायला नकार दिला, जणू न हलणारा पाया या जमिनीवर जास्त काळ कायम राहिला असता. दुसऱ्या बँकेने अभियंत्याच्या सहीचा अहवाल आणि जमिनीतल्या तापमानाच्या नोंदी मागितल्या, आणि त्या पाहून होकार दिला.

घर उभे राहिल्यावरचे नियम गृहिणीच्या शिस्तीचे आहेत. मजल्याखालची जागा चारही बाजूंनी उघडी ठेवायची. वारा अडवण्यासाठी ती बंद करण्याचा मोह पहिल्याच हिवाळ्यात होतो, कारण पाय गार पडतात, पण तीच थंड हवा जमिनीला गोठवून ठेवते. म्हणून ऊब राखायची ती मजल्याच्या जाडीत, आणि आमच्या मजल्यात 40 सेंटिमीटर इन्सुलेशन आहे. छपरावरचा बर्फ घराच्या कडेला साचू द्यायचा नाही. बर्फाचा ढीग म्हणजे जमिनीवर टाकलेली रजई असते. तिच्याखाली थंडी पोचत नाही आणि त्या कडेची जमीन हिवाळाभर उबदार राहते. छपराचे पाणी नळीने भरावाच्या पलीकडे न्यायचे, कारण साचलेले पाणी उन्हाइतकेच बर्फ खाते.

समतल पाहण्यासाठी मी गवंड्यांची पाण्याची पारदर्शक नळीच वापरतो. लेझर आहे, पण घराखाली वाकून खांबाखांबाला जाताना नळी सोयीची पडते. उणे तापमानात ती गोठते, म्हणून तिच्यात गाडीच्या रेडिएटरचे अँटिफ्रीझ मिसळतो. वसंतात आणि पानगळीत प्रत्येक खांबाची नोंद घेतो. ईशान्येचा कोपरा जवळजवळ हलत नाही. नैर्ऋत्येचा, जेथे दुपारचे ऊन भरावाच्या उतारावर पडते, दरवर्षी सेंटिमीटरभर बसतो, आणि जॅकचा पाना फिरवून तो परत वर आणावा लागतो. दारे घासू लागली की पत्नी नोंदवही न पाहताच कोणता कोपरा बसला ते सांगते.

पाणी आणि सांडपाणी हे या सगळ्याहून जास्त त्रासाचे निघाले. गोठलेल्या थरातून विहीर नेणे महाग, आणि या सोन्याच्या खडकांतल्या पाण्यात अनेक ठिकाणी नैसर्गिक आर्सेनिक असते. म्हणून आम्ही इतर शेजाऱ्यांप्रमाणे घरात टाकी ठेवली आहे आणि टँकरने पाणी मागवतो. नेहमीचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा येथे चालत नाही, कारण गोठलेली जमीन पाणी शोषत नाही, आणि शोषलेच तर घराशेजारीच कोमट पाण्याचा झरा सोडल्यासारखे होते, म्हणजे कंपनीने नळ्या ठोकून जे मुद्दाम केले तेच. आम्ही इन्सुलेशन केलेली बंद टाकी जमिनीच्या वर ठेवली आहे आणि ती भरली की उपसून नेतात. तिची तोटी उणे 40 मध्ये गरम ठेवण्यासाठी विजेची तार गुंडाळली आहे. घरातल्या सर्व यंत्रांत बिघाडाचा धाक तिचाच सर्वाधिक.

रस्त्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. घराच्या भरावासारखा जाड भराव मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत घालणे परवडण्याजोगे नव्हते, त्यामुळे तो पातळ आहे, आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ बाजूला सारला की दोन्ही कडांना ढीग साचतात. कडांखालची जमीन त्यामुळे वितळत चालली आहे आणि रस्ता मधल्यापेक्षा कडांना जास्त खचतो. एका ठिकाणी, जेथे नकाशावर मी पाचरीची शंका लिहून ठेवली होती, तेथे उन्हाळ्यात डबके साचते. बर्फ ढकलण्याऐवजी यंत्राने दूर फेकायचा, असे गेल्या हिवाळ्यापासून सुरू केले आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात फॉक्सच्या राशीवरून दोन ट्रक गोटे येणार आहेत; त्यांतला एक त्या डबक्यासाठी आहे.